काहीच केलं नाही, हेही लिही

अगं, तुझा रात्री साडेबाराचा मेसेज सकाळी चहा घेताना वाचला. गल्लीतल्या कुत्र्यांच्या प्रोजेक्टसाठी सात प्रश्न! कुत्र्यांना माणसाचा राग कळतो का पण हवंय, रात्री एकदम का भुंकतात ते पण, आणि सबमिशनला उरलेत दोन महिने. सहा खोड. कुठले ते तुझं तू ठरव, मला विचारू नकोस.

एमएस्सीला मी साळुंक्या घेतल्या होत्या, एसटी स्टँडवरच्या. वहीभर नुसती भांडणं, कोण कुणाला टोचलं, कोण उडालं. गाईड म्हणाले, बाकीचा वेळ काय करत होत्या? बाकीचा वेळ मी काही लिहिलंच नव्हतं, कारण त्या नुसत्या बसल्या होत्या ना. म्हणजे माझ्या वहीप्रमाणे साळुंकी दिवसभर भांडतच असते. चार महिने गेले पाण्यात.

म्हणून म्हणते, काहीच केलं नाही हेही लिही. मोबाइलवर दर दोन मिनिटांनी बेल लाव, वाजली की गल्लीतलं प्रत्येक कुत्रं त्या क्षणी काय करतंय तेवढंच टाक, झोपलं असेल तर 'झो'. याला स्कॅन सॅम्पलिंग म्हणतात, जीन ऑल्टमनचा १९७४ चा पेपर आहे यावर, तो वाच, 'बघते' म्हणू नकोस. आणि वहीत 'चिडला' दिसलं तर वही परत. कान मागे, दात दिसले, शेपूट पायात, असं लिही, चिडला का घाबरला ते मग बघू. बिस्किटं नेऊ नकोस, नाहीतर कुत्री तुझ्याकडेच बघत बसतील.

साधनं लागत नाहीत गं. पुण्याचे जीवशास्त्रज्ञ मिलिंद वाटवे, त्यांनी विद्यार्थ्यांना घेऊन वेड्या राघूंवर, त्या छोट्या हिरव्या पक्ष्यांवर, काम केलं, २००२ ला छापून आलं. माणूस तेवढ्याच अंतरावर उभा, फक्त एकदा घरटं दिसेल असा, एकदा दिसणार नाही असा. त्याला घरटं दिसत असलं की पक्षी आत जायला कचरायचे. आता बघ, पक्षी आत गेला नाही हेच मोजलं ना त्यांनी? काहीच केलं नाही, हेच!

म्हणशील बाईंनी स्वतः काय छापलं. नाही छापलं. पण तेवीस वर्षं प्रत्येक पोराची वही दुसऱ्याच आठवड्यात मागून घेतली, माझी कुणी तशी मागितली असती तर... जाऊ दे. चूक माझीच होती, थोडी गाईडचीही.

शनिवारी दुपारी दोन तास बसून ये आणि वही आणून दाखव. सगळं पान 'झो' असलं तरी आण.