अधिकारवाणी आणि गादीवरची वाणी

सांगलीहून एका वाचकाने विचारले आहे की, 'एक्स कॅथेड्रा' या लॅटिन शब्दप्रयोगासाठी मराठीत 'अधिकारवाणीने' एवढे म्हटले तर चालेल का. माझ्या मते वृत्तपत्री लेखनात ते चालून जाते, पण अर्थ मात्र निसटतो.

अडचण 'अधिकार' या शब्दाच्या दुहेरी अर्थात आहे. 'त्यांचा व्याकरणात मोठा अधिकार आहे' असे आपण म्हणतो तेव्हा तो अभ्यासाने मिळवलेला असतो, आणि 'तहसीलदारांना तो अधिकार आहे' म्हणतो तेव्हा तो खुर्चीबरोबर येतो व खुर्चीबरोबर जातो. 'अधिकारवाणी' या शब्दाचा ओढा पहिल्या अर्थाकडे आहे. निवृत्त शिक्षकही अधिकारवाणीने बोलू शकतो. लॅटिन प्रयोगात मात्र सारे वजन आसनाचे आहे. त्याचा शब्दशः अर्थच 'आसनावरून' असा आहे. मुळातल्या ग्रीक 'काथेद्रा'मध्ये बसणे या अर्थाचा जो धातू आहे, तोच संस्कृतात 'सद्' म्हणून येतो आणि आपल्या 'सभासद' व 'संसद' या शब्दांत रोज भेटतो. बिशपचे आसन ज्या चर्चमध्ये असते ते कॅथेड्रल, हेही त्याच कुळातले.

या प्रयोगाला धार आली ती कॅथलिक धर्मशास्त्रात. १८ जुलै १८७० रोजी पहिल्या व्हॅटिकन परिषदेने ठरवले की, पोप सर्व ख्रिस्ती जनांचा गुरू या नात्याने, आपल्या सर्वोच्च पदाच्या अधिकारात, श्रद्धा वा नीती यांविषयीचे तत्त्व संपूर्ण चर्चवर बंधनकारक म्हणून जाहीर करतात, तेव्हा त्यात चूक संभवत नाही. पोपांचे एरवीचे प्रवचन, पत्र किंवा गप्पा यांना हा नियम लागू नाही. १९५० मध्ये बाराव्या पायस यांनी मेरीच्या सदेह स्वर्गारोहणाचे तत्त्व अशा रीतीने जाहीर केले.

हा भेद आपल्याला नवा नाही. लहानपणी वाईला चातुर्मासात आमच्या आळीतल्या देवळात पुराण असे. पुराणिकबुवा व्यासपीठावर असेपर्यंत त्यांचे वडीलधारे भाऊही त्यांना वाकून नमस्कार करत. पोथी बांधून बुवा खाली उतरले की तेच भाऊ त्यांना भाजी आणायला पिटाळत. एकदा कोणीतरी वाटेत उपवासाचा प्रश्न विचारला, तर बुवा म्हणाले, "आता मी पाटावर नाही, उद्या विचारा." (आज 'व्यासपीठ' म्हणजे मंडप घातलेला कोणताही मंच झाला, ही गोष्ट मला खटकते.)

म्हणून मी 'पीठावरून' हा शब्द सुचवीन. विधिमंडळात 'पीठासीन अधिकारी' रूढ आहेच. अध्यक्षांनी पीठावरून दिलेला निर्णय आणि बाहेर पत्रकारांशी बोलताना मांडलेले मत यांतला फरक या शब्दाने नेमका दिसतो. 'गादीवरून' हा पर्याय सातारकरांच्या कानाला अधिक जवळचा, कारण इथे 'साताऱ्याची गादी' म्हटले की छत्रपतींचे पद कळते, लाकूड-कापूस नव्हे. मठाधिपतींच्या संदर्भातही तो शोभतो. 'पदसिद्ध' मात्र इथे वापरू नये. एका पदामुळे आपोआप दुसरे पद मिळते त्याला तो शब्द आहे, बोलण्याच्या रीतीशी त्याचा संबंध नाही.

इंग्रजीत हा प्रयोग उपरोधानेही येतो, म्हणजे पद नसताना निर्वाळा देणाऱ्याबद्दल. तिथे 'पीठावरून' जड होईल. 'ब्रह्मवाक्य असल्यासारखे' म्हणावे.