दहा घरांच्या प्रकल्पाला ‘रहदारी वाढेल’ म्हणून हरकत घेतली तर टिकते का?

नुसतं ‘रहदारी वाढेल’ एवढंच लिहिलं तर बहुतेक वेळा नाही टिकत. गाडीशिवाय पान हलत नाही अशा वस्तीतही स्वतंत्र घरामागे गर्दीच्या तासाला साधारण एक फेरी धरतात. म्हणजे दहा घरांच्या दहा फेऱ्या, सहा मिनिटांना एक गाडी. वर्दळीच्या रस्त्यावर ही भर जाणवत नाही, आणि अधिकारी नेमकं हेच उत्तर देतात.

सुरक्षिततेचा मुद्दा मात्र वेगळा. प्रकल्पाचं फाटक जिथे रस्त्याला लागणार तिथे स्वतः उभे राहा आणि दोन्ही बाजूंना किती लांबचं दिसतं ते मोजा. ताशी 50 किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला जवळजवळ 14 मीटर कापते. चालकाचा पाय ब्रेकवर पडेपर्यंतच 20-25 मीटर गेलेले असतात. वळणामुळे किंवा कडेला लावलेल्या गाड्यांमुळे 30 मीटरच दिसत असेल, तर हरकत तिथेच घ्या, फोटो आणि मापासकट. कचऱ्याची गाडी आत वळू शकते की रिव्हर्समध्ये रस्त्यावर येणार, हेही नकाशात बघा.

शेजारी आणखी छोटे प्रकल्प मंजूर असतील तर सगळ्यांची रहदारी एकत्र धरायला सांगा. हे फार जण विसरतात. आणि सरसकट नकारापेक्षा फाटक हलवणं, कुंपण मागे घेणं अशा अटी मागा. त्या मान्य होण्याची शक्यता जास्त.