बेडकाच्या टाकीत आधी उतार कर

भावा, टाकी घेतलास ते बेस झालं, पण घाईनं बेडूक आणून सोडू नको. आधी पाण्यातनं जमिनीवर यायला उतार कर की, फायर बेली टोडला (लाल-केशरी पोटाचं छोटं बेडूक, पाण्यात अन् जमिनीवर दोन्हीकडं राहतंय) पाणी ८-१० सेंटीमीटर बास, पण वर चढायला सोपी वाट लागतीयच नाहीतर दमून बुडतंय बिचारं. मलप्रभा नदीतले गुळगुळीत गोटे चालतात, धुऊन घे, अन् त्याच्या तोंडापेक्षा मोठेच बघ, बारीक खडी किड्यासंगट गिळतंय आणि ती पोटात अडकतीय. टाकीच्या जमिनीच्या बाजूला बिनखताचं कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), वर मॉस (शेवाळ). नळाचं पाणी डायरेक्ट नको, क्लोरीन कातडीतनं आत जातंय, अँटीक्लोरीन (क्लोरीन घालवायचं औषध) घाल. घट्ट जाळीचं झाकण पाहिजेच. आणि खानापूर-आंबोलीच्या रानातनं काही उचलू नको हं, तिथली बेडकं तिथंच राहूदेत.