क्लासमध्ये नुसता भुंकतो, काय करू?

प्रश्न: नमस्कार ताई, आमचा जर्मन शेफर्ड बाजी साडेचार महिन्यांचा आहे, सगळी इंजेक्शनं झालीत. प्रतापनगरकडे एका ग्राउंडवर रविवारी सकाळी ओबीडियन्स क्लास असतो, तिथे तीनदा नेलं. बाकीची पिल्लं शहाण्यासारखी बसतात अन् हा तासभर भुंकूनच राहतो, पट्टा चावतो, मागच्या रविवारी तर एका पळत्या पोराच्या टाचेलाच तोंड घातलं, खरचटलं नाही म्हणून निभावलं. घरी 'सिट' म्हटलं की लगेच बसतो, तिथे जसं काही ऐकूच येत नाही. ट्रेनर म्हणतात चोक चेन, म्हणजे ओढली की गळ्याला आवळणारी साखळी घाला, नाहीतर महिनाभर आमच्याकडे ठेवा. परत येताना मुलगी रडली. क्लास सोडून देऊ का?
— एक वाचक, नागपूर

उत्तर: दादा, आधी मुलीला सांगा की बाजी वाईट नाहीये अन् तिचं काही चुकलेलं नाही. जर्मन शेफर्ड ही मेंढ्या राखणारी जात, 1899 मध्ये फॉन स्टेफानित्झ नावाच्या जर्मन अधिकाऱ्याने तिची रीतसर नोंद सुरू केली ती कामाचा कुत्रा म्हणूनच. कळपाच्या कडेने दिवसभर फिरायचं, जरा काही हललं की टिपायचं, कोणी बाहेर पळालं की अडवायचं. आता अशा पिल्लाला दहा कुत्रे अन् धावणारी पोरं यांच्या मधोमध उभं केलं तर ते काय करणार, सांगा. त्यात या वयात दुधाचे 28 दात पडून 42 पक्के येत असतात, हिरड्या शिवशिवतात, म्हणून पट्टा तोंडात. फडक्याला गाठ मारून, ओलं करून फ्रीझरमध्ये ठेवा अन् तुमच्यासमोरच चावायला द्या, बराच फरक पडतो. पोराच्या टाचेचं मात्र हलक्यात घेऊ नका, पुढे कधी बारीक ओरखडा जरी उठला तरी साबण लावून वाहत्या पाण्याखाली 15 मिनिटं धुवायचं अन् तडक डॉक्टरकडे जायचं, इंजेक्शनं झालेला कुत्रा असला तरी.

आता मुख्य गोष्ट, अंतर. माझी शेफर्ड मादी याच वयाची होती तेव्हा पहिले तीन रविवार आम्ही क्लासमध्ये गेलोच नाही, ग्राउंडच्या टोकाला कडुनिंबाखाली उभ्या राहायचो. खिशात उकडलेल्या चिकनचे नखाएवढे तुकडे. ती लांबून कुत्रे बघायची, कान ताठ, शेपूट थांबलेली, आणि मी श्वास रोखून वाट बघायची की कधी मान वळवून माझ्याकडे बघते, बघितलं की त्याच क्षणी 'शाबास' आणि तुकडा. एकदा दोन पावलं पुढे गेलो तर तुकडा तोंडातून खाली पाडला, खाईचना! तीच खूण असते, आवडीचं खाणं नको झालं म्हणजे आपण फार जवळ आलोय, गुपचूप मागे व्हायचं. चौथ्या रविवारी आम्ही रांगेच्या कडेला उभ्या होतो.

घरी येतं ते ग्राउंडवर येत नाही, यात हट्टीपणा नाही. हॉलमधलं 'सिट' त्याला हॉलपुरतंच कळलंय, ते गच्चीवर, मग गेटपाशी, मग गल्लीत परत शिकवावं लागतं. आणि घरात सगळ्यांनी एकच शब्द ठरवा, मुलगी 'सिट', तुम्ही 'बस', आजी 'बस रे बाळा' असं चाललं तर त्याने काय समजायचं?

चोक चेन अजिबात नको, मला हे फार कळकळीने सांगायचंय. एवढ्याशा गळ्याला झटका बसतो अन् त्याच्या डोक्यात पक्कं होतं की कुत्रे दिसले की दुखतं, मग पुढे तो खरंच अंगावर जातो. छातीवरचा हार्नेस घ्या. महिनाभर ठेवून यायचं तर त्याहून नको, तो त्या माणसाचं ऐकायला शिकेल, घरी आल्यावर तुम्ही तिथेच. ट्रेनरला स्पष्ट सांगा की आम्ही लांब उभं राहून करू, नाही म्हणाले तर दुसरा क्लास शोधा, आधी कुत्र्याशिवाय एकदा जाऊन बघून या, एका ट्रेनरमागे किती कुत्रे आहेत अन् लसीकरणाचं कार्ड बघतात का ते.

आणि आपलं नागपूरचं ऊन! एप्रिल-मेमध्ये साडेसहाच्या आत आटोपा, तळहाताची मागची बाजू 7 सेकंद रस्त्यावर टेकवत नसेल तर त्याचे पंजेही तिथे नको. जीभ लालभडक, लाळ गळतेय, पाय लटपटतायत असं दिसलं तर सावलीत घ्या, अंगावर साधं पाणी, पंखा, अन् लगेच डॉक्टर. गवतातून आलं की कानामागे, बोटांमध्ये गोचीड बघायची, टिक फीव्हर वाईट असतो.

दमवायला म्हणून लांब पळवू नका, वर्षभर तरी नाही, हाडं कच्ची आहेत. त्यापेक्षा जेवणातले दाणे गच्चीवर कुंड्यांमागे लपवून 'शोध' म्हणा, दहा मिनिटांत गाढ झोपतो की नाही बघा. हे काम मुलीकडे द्या. येत्या रविवारी तिच्याच हातात चिकन द्या, टोकाला उभे राहा अन् वीस मिनिटांत, तो शांत असतानाच, घरी निघा.