सहा वर्षांत शातो गायार कसा पडला?

तुम्ही विचारलंय, सीन नदीच्या वरचा हा किल्ला इतका बळकट होता, तर बांधून झाल्यावर सहाच वर्षांत फ्रेंचांच्या हाती कसा गेला? मला विचाराल तर बाहेरून कुमक आली नाही, हे खरं कारण. सुरुंग, शिड्या हे सगळं त्यानंतरचं.

इंग्लंडचा राजा रिचर्ड (सिंहहृदयी म्हणतात तो) नॉर्मंडीचाही (आजच्या फ्रान्सचा उत्तरेकडचा प्रांत) धनी होता. फ्रेंचांचा रुआँकडे (नॉर्मंडीचं मुख्य शहर) जाणारा रस्ता अडवायला त्याने ११९६ ते ११९८ या दोन वर्षांत, पाण्यासारखा पैसा ओतून, चुनखडीच्या कड्यावर हा किल्ला उभा केला. जागा रुआँच्या आर्चबिशपची (मुख्य धर्मगुरूची), त्यावरून मोठं भांडण झालं. ११९९ मध्ये रिचर्ड बाण लागून मेला आणि किल्ला भाऊ जॉनकडे आला.

१२०३ मध्ये फ्रान्सच्या दुसऱ्या फिलिपने वेढा घातला. जॉनने एक फौज जमिनीवरून आणि रसदीच्या नावा नदीतून पाठवल्या. एकाच वेळी हल्ला करायचा बेत होता, पण नावा प्रवाहाविरुद्ध उशिरा पोचल्या आणि दोन्ही तुकड्या वेगवेगळ्या मार खाऊन परतल्या. वर्ष सरता सरता जॉन इंग्लंडला निघून गेला.

पायथ्याच्या गावचे लोक आसऱ्याला गडावर आले होते. दाणागोटा पुरेना म्हणून किल्लेदार रॉजर द लेसीने त्यांना बाहेर काढलं. आधीच्यांना फ्रेंचांनी जाऊ दिलं, नंतरच्यांना अडवलं. ऐन हिवाळ्यात शेकडो माणसं, बायका-मुलं तट आणि वेढा यांच्या मधे उपाशी राहिली, कितीतरी तिथेच मेली. गडाच्या कौतुकात ही गोष्ट एका ओळीत उरकतात, याचा मला राग येतो.

पुढे बाहेरचा बुरूज सुरुंगाने पाडला. तेव्हा बारूद नव्हती: पायाखाली पोखरायचं, लाकडी टेकू द्यायचे आणि ते पेटवायचे. मधल्या तटात शौचकुपातून शिरले असं सांगतात, अनेक अभ्यासक प्रार्थनामंदिराची खिडकी म्हणतात. प्रार्थनामंदिराची ती इमारत मात्र जॉनने नंतर घातलेली भर होती. आतल्या तटापुढच्या खंदकात खडकाचाच पूल ठेवलेला, त्याच्या आडोशाने सुरुंग खणणारे सुखरूप राहिले.

६ मार्च १२०४ ला शिबंदी पकडली गेली. रुआँही त्याच उन्हाळ्यात पडलं. पुढे १५९९ मध्ये फ्रान्सच्या चौथ्या हेन्रीने किल्ला पाडायचा हुकूम दिला. आज दरीतून दिसतो तो जाड भिंतींचा भग्न बालेकिल्ला, पण तिथे शेवटची लढाई झालीच नाही. शिबंदी त्यात शिरलीच नाही, मागच्या दिंडी दरवाजाने निसटायला गेली आणि सापडली.