डबा उघडला, पुढे काय?

वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं : डबाबंद पदार्थ आणि नवखा स्वयंपाक

प्रश्न : डबाबंद राजमा आणला आणि कोरड्या राजम्याच्या कृतीप्रमाणे पाऊण तास रटरटू दिला. सालं वेगळी, गर वेगळा, सगळा लगदा झाला. किती वेळ शिजवायला हवा होता?

उत्तर : शिजवायला नकोच होता. डब्यातला राजमा शिजलेलाच असतो. कारखान्यात दाणे भिजवून मिठाच्या पाण्यासकट डब्यात भरतात, डबा हवाबंद करतात आणि मग तो बंद डबाच दाबाखालच्या वाफेत साधारण १२१ अंश सेल्सिअसला तापवतात. उघड्या पातेल्यातलं पाणी १०० अंशांच्या वर जात नाही. इतकी उष्णता प्रेशर कुकरसारख्या भांड्यातच मिळते. दाणा असा डब्यातच पूर्ण शिजतो. तुमच्या पातेल्यात त्याला फक्त गरम व्हायचं असतं आणि रश्श्याची चव घ्यायची असते. मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं त्याला पुरे.

म्हणून डबाबंद पदार्थ वापरताना क्रम उलटा धरा : ताजं आधी, डब्यातलं शेवटी. कांदा, लसूण, मसाला, रस्सा हे सगळं पूर्ण तयार होऊ द्या आणि डब्यातला पदार्थ अखेरच्या काही मिनिटांत घाला. राजमा, छोले, मटार, मका, मासे, सगळ्यांना हाच नियम. मोठा अपवाद टोमॅटोचा. टोमॅटो आंबट असतो आणि तेवढ्या आंबटपणात सर्वांत घातक जंतू वाढत नाहीत, त्यामुळे त्याला डब्यात १०० अंशांच्या आसपासची उष्णता चालते. तो पूर्ण मुरलेला नसतो. त्याला पातेल्यात वेळ द्यावाच लागतो.

प्रश्न : हे सगळं एका पदार्थात शिकता येईल अशी कृती द्याल का? एकच पातेलं, नेमकी मापं, दोघांपुरतं.

उत्तर : टोमॅटोच्या रश्श्यातला राजमा करा. हा एक पदार्थ नीट जमला की छोले, चवळी, मका घालून तोच फिरवता येतो.

लागेल ते असं : राजम्याचा ४०० ग्रॅमचा एक डबा (पाणी निथळल्यावर साधारण २४० ग्रॅम दाणे उरतात), साल काढलेल्या अख्ख्या टोमॅटोचा ४०० ग्रॅमचा एक डबा, एक मध्यम कांदा, लसणाच्या ३ पाकळ्या, २ मोठे चमचे तेल, अर्धा छोटा चमचा लाल तिखट, पाव छोटा चमचा साखर, १ छोटा चमचा लिंबाचा रस आणि मूठभर चिरलेली कोथिंबीर किंवा कुठलीही ताजी हिरवी पानं. मीठ मुद्दाम या यादीत नाही, ते पुढे येईल.

दोन्ही डबे आधीच उघडून ठेवा. राजमा चाळणीत ओतून धुऊन निथळत ठेवा. टोमॅटो एका वाडग्यात काढून हातानं कुस्करा. प्रत्येक टोमॅटोला आधी बोटानं भोक पाडा, नाहीतर रस अंगावर उडतो.

रुंद, जाड बुडाच्या पातेल्यात तेल तापवून बारीक चिरलेला कांदा मध्यम आचेवर परता. याला ८ ते १० मिनिटं लागतात आणि नवखा माणूस नेमकी इथेच घाई करतो. कांदा आधी पारदर्शक होतो, मग त्याच्या कडा सोनेरी दिसू लागतात, कच्चा उग्र वास जाऊन गोडसर वास येतो. तिथपर्यंत थांबा. डबाबंद पदार्थ पाण्यात शिजतो, त्याला खरपूसपणा येतच नाही. तो खरपूसपणा या कांद्यानंच द्यायचा आहे. मग ठेचलेला लसूण अर्धा मिनिट, तिखट पाच-दहा सेकंद, आणि तिखट करपायच्या आत टोमॅटो. टोमॅटोच्या रिकाम्या डब्यात पाव डबा पाणी घालून हलवा आणि तेही ओता, तळाशी बराच रस चिकटलेला असतो.

आता झाकण न ठेवता मध्यम-मंद आचेवर १५ ते २० मिनिटं. झाकण ठेवलंत तर वाफ परत आतच पडते आणि रस्सा आटत नाही. झाला की नाही हे घड्याळापेक्षा पातेलं जास्त नीट सांगतं. पळी तळावरून ओढा. मागची वाट लगेच भरून आली तर अजून वेळ आहे. वाट क्षणभर उघडी राहिली आणि कडेला तेलाची बारीक लाल रेघ दिसली, तर झाला. आता साखर आणि राजमा घाला. दोन चमचे दाणे पातेल्याच्या कडेवर पळीनं चेपा, त्यानं रस्सा मिळून येतो. मंद आचेवर ५ ते ७ मिनिटं ठेवा आणि उलथण्यानं घुसळू नका. पळी खालून वर अलगद फिरवा.

मीठ आता. दोन्ही डब्यांत मीठ असू शकतं आणि रस्सा आटला की ते आणखी जाणवतं. आधी चाखा, मग चिमूट-चिमूट घाला. गॅस बंद करून लिंबू आणि कोथिंबीर. डब्यातल्या पदार्थाला ताजेपणा नसतो, तो या शेवटच्या चमचाभर रसातून येतो. हे टाळू नका.

प्रश्न : डब्यातलं पाणी फेकायचं की वापरायचं?

उत्तर : राजमा, छोले, चवळीच्या डब्यातलं दाटसर पाणी म्हणजे दाण्यांतून सुटलेलं पिष्ट (स्टार्च) आणि प्रथिनं, शिवाय मीठ. ते वाईट नसतं, पण खारट असतं आणि रश्श्याला बुळबुळीतपणा आणतं. दाणे निथळून वाहत्या पाण्याखाली धुतले तर सोडियम साधारण ४० टक्क्यांपर्यंत कमी होतं. रक्तदाबासाठी मीठ कमी करायला सांगितलं असेल त्यांनी हे नेहमी करावं.

बिनमिठाच्या छोल्यांचं पाणी मात्र जपून ठेवा. सूप दाट करायला पाव कप पुरतं. केकसारख्या पदार्थात एका अंड्याऐवजी ३ मोठे चमचे चालतं, आणि फेटलं तर अंड्याच्या पांढऱ्यासारखा फेस धरतं.

प्रश्न : डबाबंद टोमॅटोचे तुकडे अर्धा तास शिजवले तरी विरघळत नाहीत. टोमॅटो खराब होते का?

उत्तर : नाही, त्यात कॅल्शियम क्लोराइड असणार. चौकोनी तुकड्यांच्या डब्यात तुकडे टिकावेत म्हणून ते बहुधा घालतात. लेबलवर ‘५०९’ या क्रमांकानंही लिहिलेलं असतं. कॅल्शियम टोमॅटोच्या पेशींमधल्या पेक्टिनला (पेशी एकमेकींना जोडणाऱ्या चिकट घटकाला) घट्ट धरून ठेवतं, मग आच कितीही वेळ द्या. सूपमध्ये किंवा पदार्थावर पसरायला तुकडे हवे असतील तर हा डबा उत्तम. रस्सा किंवा सॉससाठी अख्खे टोमॅटो घ्या आणि हातानं कुस्करा. घरात तुकडेच असतील तर अर्धा डबा मिक्सरमधून काढून घाला.

आंबटपणा बोचत असेल तर आधी ५ मिनिटं जास्त आटवा, मग पाव छोटा चमचा साखर. तरी राहिला तर खायचा सोडा, पण छोट्या चमच्याचा फक्त आठवा भाग. फेस येऊन बसू द्या. यापेक्षा जास्त पडला तर साबणासारखी चव येते आणि ती काही केल्या जात नाही.

प्रश्न : डबाबंद ट्यूना गरम केला की कोरडा चोथा होतो आणि घरभर वास येतो.

उत्तर : हा मासा डब्यात भरण्याआधी एकदा आणि डब्यात दुसऱ्यांदा शिजलेला असतो. तिसऱ्यांदा शिजवला की उरलासुरला ओलावाही जातो. पास्ता किंवा भात तयार झाला की गॅस बंद करा आणि मग ट्यूना मिसळा, वाफेवर तो पुरेसा गरम होतो. गरम पदार्थासाठी तेलातला ट्यूना घ्या. पाण्यातला असेल तर कापलेलं झाकण डब्यात दाबून पाणी काढा आणि वरून चमचाभर तेल घाला. सगळ्यात सोपं म्हणजे थंडच खाणं : निथळलेला एक डबा ट्यूना, २ मोठे चमचे घट्ट दही किंवा मेयोनीज, २ मोठे चमचे बारीक कांदा, १ छोटा चमचा लिंबाचा रस, मिरपूड. लिंबानं वासही दबतो.

उघडलेला ट्यूना बाहेर ठेवू नका. त्यात हिस्टामिन तयार होतं आणि ते एकदा झालं की उकळूनही जात नाही. खाल्ल्यावर चेहरा लाल होणं, अंग खाजणं, डोकं दुखणं हा त्रास होतो.

प्रश्न : मका आणि मशरूम परतले तर पाणचट होतात.

उत्तर : ओले घातले म्हणून. निथळा, कापडानं टिपून कोरडे करा, तवा चांगला तापवा, एका थरात पसरा आणि २ मिनिटं हात लावू नका. एका बाजूला डाग पडले की हलवा. मक्याचे दाणे उडतात, जाळीचं झाकण ठेवा.

प्रश्न : कंडेन्स्ड मिल्क आणि इव्हॅपोरेटेड मिल्क एकाऐवजी दुसरं चालतं का?

उत्तर : नाही. दोन्ही आटवलेली दुधंच, पण कंडेन्स्डमध्ये वजनाच्या ४० टक्क्यांहून जास्त साखर घातलेली असते आणि इव्हॅपोरेटेडमध्ये मुळीच नसते. सूपमध्ये कंडेन्स्ड पडलं तर सूप गेलं.

प्रश्न : पोचा आलेला, गंजलेला डबा वापरावा का? आणि डबाच गॅसवर ठेवून गरम केला तर?

उत्तर : पोचा उथळ असेल आणि डब्याच्या अंगावर असेल तर चालतो. बोट रुतेल इतका खोल, टोकदार किंवा वरच्या-खालच्या सांध्यावर असेल तर टाका, तिथून सूक्ष्म फट पडून जंतू आत जातात. गंज फडक्यानं पुसून निघाला तर वरवरचा; खरवडूनही निघत नसेल तर टाका.

फुगलेला, गळणारा, किंवा उघडताना आतलं उसळून बाहेर येणारा डबा असेल तर जिभेला टेकवूही नका. बोट्युलिझम (जंतूंच्या विषानं होणारी गंभीर अन्नविषबाधा) करणारं विष रंगावरून, वासावरून ओळखू येत नाही आणि अगदी थोड्या प्रमाणातही जीवघेणं ठरतं. ‘नीट उकळून घेऊ’ असा विचारही नको. डबा पिशवीत बांधून टाका आणि ओटा, हात साबणानं धुवा.

डबा गॅसवर ठेवू नका. बंद असेल तर आतल्या वाफेनं फुटतो, उघडा असेल तर आतलं अस्तर जळतं. मायक्रोवेव्हमध्ये तर धातू नकोच.

प्रश्न : ओपनर चालवताना हात कापतो. कोणती पद्धत बरोबर?

उत्तर : आधी झाकण धुऊन पुसा, त्यावरची धूळ पदार्थात पडते. डबा हातात न धरता ओट्यावर ठेवा, ओपनरचं चाक काठाच्या आतल्या बाजूला रुतवा, दांडे घट्ट दाबून किल्ली फिरवा. पूर्ण गोल कापू नका. बोटभर भाग जोडलेला ठेवा आणि झाकण चमच्यानं वर उचला; सुटलेलं झाकण डब्यात पडतं आणि ते काढतानाच बोट कापतं. कडीचा डबा असेल तर कडी उभी करा, ‘टक्’ असा आवाज येऊ द्या आणि सावकाश मागे ओढा. (पत्र्याच्या डब्याचं पेटंट इंग्लंडमध्ये १८१० साली निघालं आणि ओपनर १८५० च्या दशकात आला. मधली चाळीसेक वर्षं लोक छिन्नी-हातोडीनं डबे फोडत.)

प्रश्न : अर्धा डबा उरला तर तसाच झाकून फ्रीजमध्ये ठेवावा का?

उत्तर : काचेच्या किंवा प्लास्टिकच्या झाकणाच्या डब्यात काढा. पत्र्याच्या डब्यात हवा शिरली की विशेषतः आंबट पदार्थांत धातू उतरतो आणि पत्र्याची चव लागते. बाहेर २ तासांपेक्षा जास्त ठेवू नका. कडधान्यं, भाज्या, मासे ३ ते ४ दिवस टिकतात. टोमॅटो आणि फळं ५ ते ७ दिवस. झाकणावर उघडल्याची तारीख लिहून चिकटवा. टोमॅटो पेस्ट एका वेळी चमचाभरच लागते, म्हणून उरलेली बर्फाच्या साच्यात एकेक मोठा चमचा घालून गोठवा आणि लागेल तेव्हा एक वडी थेट गरम तेलात टाका. तिचा रंग विटकरी होईपर्यंत २-३ मिनिटं परतलीत की कच्चट वास जातो.