मावशी, हा 29 आकडा खरा धरायचा का?

मावशी, मागच्या अंकात तुम्ही ‘वंडर्लिक’चा ओझरता उल्लेख केलात. मी पुण्यात रात्री जागून एनएफएल, म्हणजे अमेरिकन फुटबॉलची लीग, बघतो, पण ही परीक्षा नक्की कसली ते कळलं नाही. 50 पैकी 50 कुणाला मिळालेत का?

मिळालेत, आणि तो खेळाडू आमच्या सिनसिनाटीच्या टीमचाच. पॅट मॅकइनली, हार्वर्डमध्ये शिकलेला. 1975 साली सिनसिनाटी बेंगल्सनी त्याला ड्राफ्टच्या, म्हणजे टीम्स नवे खेळाडू निवडतात त्या निवडीच्या, पाचव्या फेरीत घेतलं.

ही परीक्षा 1930च्या दशकातली, एल्डन वंडर्लिक यांनी बनवलेली. कारखान्यात आणि ऑफिसात माणसं घेताना वापरायची. फुटबॉलशी तिचा काही संबंध नव्हता. डॅलस काउबॉइजचे कोच टॉम लँड्री यांनी ती खेळाडूंना द्यायला सुरुवात केली आणि मग सगळ्यांनीच उचलली. 12 मिनिटांत 50 प्रश्न. म्हणजे एका प्रश्नाला साडेचौदा सेकंदसुद्धा नाहीत. आकड्यांची मालिका, शब्दांचे अर्थ, उलट अर्थाचे शब्द, घडी उलगडली तर आकृती कशी दिसेल, तोंडी हिशेब असे प्रश्न. बहुतेकांचा पेपर पुराच होत नाही. इंडियानापोलिसला ड्राफ्टच्या आधी जो कंबाइन भरतो, तिथे मुलांना पळवतात, उड्या मारायला लावतात, वजन उचलायला लावतात आणि हा पेपरही देत असत. 2022पासून कंबाइनमध्ये तो बंद झाला. माझ्या मते फार उशिरा.

मावशी, नमस्कार. आम्ही टेक्सासात फ्रिस्कोला राहतो. मुलगा 16 वर्षांचा, अकरावीत, शाळेच्या टीमचा दुसरा क्वार्टरबॅक, म्हणजे बॉल फेकून चाल चालवणारा. त्याच्या खासगी कोचच्या सांगण्यावरून लॅपटॉपवरची एक कॉग्निटिव्ह, म्हणजे मेंदू कसा चालतो ते बघणारी, चाचणी करून घेतली. पाऊण तास लागला. निकाल आला 29 पर्सेंटाइल. कोच म्हणतो, ड्राफ्टच्या आधी एनएफएलवाले हेच बघतात, आता मेंदूच्या ट्रेनिंगचं पॅकेज घ्या. मुलगा दोन दिवस नीट जेवलेला नाही. त्याचे बाबा म्हणतात, कळलं ना, सोड आता फुटबॉल. हा आकडा खरा धरायचा का? पॅकेज घ्यायचं का? तसा वाचायला तो लहानपणापासून हळूच आहे.

अगं, सगळ्यांत महत्त्वाची ओळ तू शेवटी, जाता जाता लिहिलीस. तिच्याकडे मी येतेच. आधी तो 29.

पर्सेंटाइल म्हणजे मार्कांचे टक्के नव्हेत. 100 जणांच्या रांगेत 29 जण त्याच्या मागे आहेत, एवढंच. ती रांग कुणाची, हे कोचला विचार. शाळकरी मुलांची, कॉलेजच्या खेळाडूंची, की एनएफएलमध्ये पोचलेल्यांची? ते त्या कागदावर लिहिलेलं नसेल तर या आकड्याला धरून काहीच म्हणता येत नाही. 16 वर्षांच्या पोराला तर मुळीच नाही.

एनएफएलवाले असल्या चाचण्या बघतात, हे कोचचं म्हणणं खरं आहे. वंडर्लिकची जागा आता बऱ्याच टीम्समध्ये ‘एस टू’ नावाच्या चाचणीनं घेतली आहे. ती नॅशव्हिलच्या दोघा मेंदूशास्त्रज्ञांनी काढली. तीत शब्द नाहीत, गणितं नाहीत. पडद्यावर क्षणभर आकृत्या चमकतात. कुठली वेगळी होती ते ओळखायचं, एकाच वेळी अनेक ठिपक्यांवर नजर ठेवायची, चुकीचं बटण दाबायचा मोह आवरायचा. क्वार्टरबॅकच्या हातात बॉल आल्यावर त्याला अडीच-तीन सेकंदच मिळतात. त्यामुळे साडेचौदा सेकंदांच्या शब्दार्थांपेक्षा ही कल्पना मला नक्कीच जास्त पटते. ब्रॉक पर्डी हा क्वार्टरबॅक 2022च्या ड्राफ्टमधला अगदी शेवटचा, 262वा. त्याचे या चाचणीतले मार्क फार वरचे होते असं छापून आलं होतं, आणि पुढे तो काय खेळला ते सगळ्यांनी पाहिलं.

पण त्यानंतरच्याच वर्षीचं बघ. सी. जे. स्ट्राउड आणि ब्राइस यंग, दोघेही क्वार्टरबॅक. स्ट्राउडचा याच चाचणीतला आकडा फुटला आणि बातम्यांत आला, 18 पर्सेंटाइल. यंगचा 98. टीव्हीवर दिवसेंदिवस त्या 18चाच विषय, जणू पोराच्या कपाळावर तो गोंदून ठेवलाय. कॅरोलायनानं यंगला पहिला उचलला, ह्यूस्टननं स्ट्राउडला दुसरा. पहिल्याच मोसमात स्ट्राउडनं बॉल फेकून 4,108 यार्ड मिळवले, 23 टचडाउनचे, म्हणजे गुण मिळवून देणारे, पास दिले, प्रतिस्पर्ध्याच्या हातात बॉल गेला फक्त 5 वेळा. त्या वर्षीचा सर्वोत्तम नवा आक्रमक खेळाडू तोच ठरला. यंगची टीम 17 सामन्यांतले 2 जिंकली. यंगला मी नावं ठेवत नाही. त्या एका मोसमात त्याला 62 वेळा बॉलसकट खाली पाडलं. पुढची फळीच कोसळत असेल तर 98 पर्सेंटाइल करणार काय? चाचणीच्या खोलीत कुणी तुझ्या अंगावर धावून येत नाही.

जुन्या परीक्षेचा तर नीट अभ्यास झालेला आहे. 2009 साली तिघा संशोधकांनी तीन ड्राफ्टमधल्या 762 खेळाडूंचे वंडर्लिकचे मार्क त्यांच्या मैदानावरच्या कामगिरीशी ताडून पाहिले. जवळजवळ काहीच संबंध निघाला नाही. बॉल घेऊन पळणाऱ्या फ्रँक गोरला 6 मार्क पडल्याच्या बातम्या होत्या. त्याला डिस्लेक्सिया आहे, म्हणजे बुद्धी असूनही वाचन जड जातं. तो बरोबर 16,000 यार्ड धावून निवृत्त झाला. लीगच्या सगळ्या इतिहासात त्याच्यापुढे दोघेच आहेत.

डिस्लेक्सिया. आता तुझ्या शेवटच्या ओळीकडे येते.

मी 22 वर्षं ओहायोच्या सरकारी शाळांत स्कूल सायकॉलॉजिस्ट होते. खालच्या मजल्यावर बॉयलरशेजारी माझी छोटी खोली, टेबलावर स्टॉपवॉच. सहावीतला एक मुलगा माझ्यासमोर बसला होता. प्रत्येक ओळीखाली बोट धरायचा, ओठ हलवत वाचायचा, ओळ संपली की पुन्हा मागे जायचा. वेळ संपली तेव्हा 20 पैकी 8 झालेले, आठही बरोबर. पुढच्या बाराला शून्य, नियमच तसा. मी वही मिटली आणि सहज विचारलं, काय खेळतोस? त्यानं खिशातून सोड्याच्या बाटल्यांची झाकणं काढली, खूप सारी. माझ्या टेबलावर 11 इकडे, 11 तिकडे मांडली. हा इथून कापतो, मग त्यांचा हा याच्यामागे जातो, म्हणून इथे जागा होते, तो दुसरा आला तर बॉल इकडे. एकेक झाकण सरकवत त्यानं मला चौदा-पंधरा चाली दाखवल्या, एकदाही न अडखळता. माझ्या फॉर्मवर याच्यासाठी रकाना नव्हता. त्या दिवशी मी समासात लिहून ठेवलं आणि ते वाचायला लावायला मला दोन मीटिंगा घालवाव्या लागल्या.

हीच वंडर्लिक एकदा अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टापर्यंत गेली होती, फुटबॉलशिवाय. नॉर्थ कॅरोलायनात ड्यूक पॉवर कंपनीचं एक वीजकेंद्र होतं. तिथल्या काळ्या कामगारांना फक्त मजुरीचं खातं मोकळं होतं. 1965 साली भेदभावाविरुद्धचा कायदा लागू झाला आणि त्याच दिवसापासून कंपनीनं चांगल्या खात्यांतल्या नव्या भरतीसाठी दोन लेखी चाचण्या लावल्या, त्यातली एक वंडर्लिक. पुढे जुन्या मजुरांना वर जायची वाटही हायस्कूलच्या दाखल्यातून नाहीतर या चाचण्यांतूनच ठेवली. कोळसा हाताळायला शब्दार्थ कशाला लागतात? विली ग्रिग्ज आणि त्याचे सोबती कोर्टात गेले. 1971 साली निकाल त्यांच्या बाजूनं लागला. चाचणीचा संबंध त्या कामाशी आहे हे मालकानं दाखवायला हवं, मोघम माणूस मोजून चालणार नाही, असं कोर्टानं म्हटलं. माझ्या सगळ्या नोकरीत मी हा निकाल जितक्या मुख्याध्यापकांना सांगितला असेल, तितका दुसरा कुठलाच नाही.

पॅकेज घेऊ नकोस. ते गेम खेळून तो त्या गेममध्ये तरबेज होईल. मैदानावर त्याचा फायदा होतो असा पुरावा कोचकडे असेल तर त्यानं तो कागदावर द्यावा. शिवाय त्याला विचार, हा निकाल कुणाकुणाला पाठवलाय? पाठवला असेल तर मागे घ्यायला सांग, लेखी. ड्राफ्टला जाणाऱ्या मोठ्या मुलांना त्यांचे एजंट हल्ली ही चाचणी देऊच नका म्हणून सांगायला लागले आहेत, ते आकडे फुटतात म्हणूनच.

कॉलेजात खेळायचं असेल तर त्याच्या पुढच्या दोन वर्षांतले खरे आकडे वेगळे आहेत. कॉलेज खेळांच्या सगळ्यांत वरच्या गटासाठी, म्हणजे डिव्हिजन 1साठी, 16 मुख्य विषय आणि त्यांत किमान 2.3 जीपीए, म्हणजे मार्कांची सरासरी. सॅट-ॲक्ट या प्रवेश परीक्षांची अट एनसीएएनं, म्हणजे कॉलेज खेळांच्या संघटनेनं, 2023मध्ये काढून टाकली. म्हणून वाचनाचं आधी बघ. शाळेच्या मुख्याध्यापकांना किंवा स्पेशल एज्युकेशनच्या संचालकांना पत्र लिही. ईमेल चालेल, पण लेखीच हवं, फोनवर सांगून भागत नाही. ‘माझ्या मुलाची डिस्लेक्सियासह संपूर्ण तपासणी करावी अशी मी मागणी करते’ एवढं एक वाक्य पुरे. सरकारी शाळेत ही तपासणी मोफत असते, आणि टेक्सासात शाळेनं 15 शालेय दिवसांच्या आत उत्तर द्यायचं असतं. मार्क चांगले आहेत, मग कशाला, असं कुणी म्हणालं तर ऐकू नकोस. आपल्या लोकांत तर डिस्लेक्सिया हा शब्द उच्चारायचीच लाज वाटते. ‘हळू आहे जरा’ म्हणून वर्षं काढतात. तो 16 वर्षांचा आहे, अजून दोन वर्षं शाळा हातात आहे.

आणि त्याच्या बाबांना सांग, एक शुक्रवार मॅचला जा आणि त्याच्याकडे बघा. घरी आल्यावर टेबलावर मीठदाणी, वाट्या, चमचे काय असेल ते ठेवून त्याला म्हणा, तिसऱ्या क्वार्टरमध्ये काय झालं ते मला मांडून दाखव.

शाळेचं उत्तर काय येतं ते मला कळव.